आवाज थांबल्यानंतरचा पियानो

या प्रकरणात मला एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. जर्मन कवितांना चाली लावून केलेली काही गाणी एक गायक आणि एक पियानोवादक असे दोघे मिळून सादर करतात. त्यांपैकी पुष्कळ गाण्यांत शब्द आधी संपतात आणि पियानो एकटाच काही काळ पुढे वाजत राहतो. तेवढ्या वेळात गाणारा माणूस काय करतो? प्रश्न लहान आहे, आणि जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला आपल्याशी काडीचा संबंध नसलेला वाटेल, हे मी जाणते. परंतु आमच्या घरातल्या एका माणसाने पुढची सगळी वर्षे कुठे आणि कशी काढायची, हे एका दुपारी या प्रश्नावर ठरले. शाळेत विज्ञान शिकवताना मी प्रश्न आधी फळ्यावर लिहून मग प्रयोगाला हात घालत असे. तीच सवय इथे पाळते.

आम्ही तेव्हा जुन्नरच्या बाजारपेठेत, एका कापडदुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. दुकान आणि घर मूळच्या राजस्थानातल्या एका जैन कुटुंबाचे होते. दोन-तीन पिढ्या इथे गेल्याने त्यांचे मराठी आमच्याइतकेच घरचे झाले होते. पुढे दुकानात दिवसभर कापड फाडल्याचा टर्र आवाज येई. तो ऐकून किती मीटर गेले हे मला भिंतीआडून सांगता येत असे. त्यात एसटी स्टँडवरचे भोंगे, समोरच्या शिंप्याचे पायमशीन आणि संध्याकाळी आईच्या भाकरी थापण्याचा ठेका. बाबा हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवीत. ते बोरी बुद्रुकचे, शेतकऱ्याच्या घरातले पहिले शिक्षक. घरात त्यांचे तीन शब्द होते: निरीक्षण, नोंद, निष्कर्ष. आईने भाजीत मीठ जास्त झाल्याचे सांगितले तरी ते विचारीत, "जास्त म्हणजे किती? कालच्यापेक्षा, की परवाच्या?" आई म्हणे, "खावा गुमान. मोजून का मीठ घालत्यात कुनी?"

घरात एक रेडिओ होता आणि तो सेलवर चाले. सेल मंदावले की ते छपरावर उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी दोन दिवस ओढतात, अशी पद्धत होती. आणि दुसरी पद्धत अशी, की गाण्याचे शब्द संपले की रेडिओ बंद. नंतरचे वाद्य, निवेदन, जाहिरात, काहीही ऐकत बसायचे नाही. हे काम माझ्याकडे होते. शेवटचा शब्द गायकाच्या तोंडातून सुटतो न सुटतो तोच माझे बोट बटणावर पडे. बाबा कौतुकाने म्हणत, "नलूचा हात म्हणजे घड्याळ." त्या कौतुकाचा मला फार अभिमान होता. आज हे वाक्य लिहिताना माझा तोच हात कागदावर थांबतो आहे.

माझा थोरला भाऊ विष्णू. मी त्याला दादा म्हणे. बाबांचे थोरले भाऊ, आमचे आबा, बोरीच्या भजनी मंडळात पुढे बसून गात, आणि दादा दहाव्या वर्षापासून त्यांच्या बाजूला पेटी घेऊन बसे. आबांचा आवाज मोठा आणि मनमानी होता. ते मनाला येईल तिथे थांबत, वाटेल तेव्हा सूर बदलत, आणि दादा त्यांच्या पाठोपाठ न चुकता जाई. लोक आबांची वाहवा करीत. पेटीकडे कोणी पाहत नसे. "इष्णू हाय म्हून म्या उडी मारतो," असे आबा एकदा म्हणाले होते, पण ते घरी, जेवताना, चार लोकांत नव्हे.

दादा पुण्याला महाविद्यालयात गेला आणि लष्कर भागात रिबेलोबाई नावाच्या एका म्हाताऱ्या पियानोशिक्षिकेच्या आवारातल्या खोलीत राहू लागला. तिथे त्याने पियानो ऐकला. पहिले वर्ष तो नुसता खिडकीबाहेर उभा राहून ऐकत होता. मग बाईंनी त्याला आत बोलावले. ही गोष्ट त्याने तीन वर्षे घरात सांगितली नाही. मला मात्र संशय आला होता, कारण सुट्टीत तो आईचा पोळपाट मांडीवर उपडा घेऊन त्यावर दहाही बोटे चालवीत बसे. "बोटं का वळवळत्यात रं तुजी?" आई विचारी. "मुंग्या आल्यात," तो म्हणे. "दहाच्या दहा बोटांना?" यावर तो हसे. दादाचे ते हसणे मी एका उन्हाळ्यानंतर फारसे पाहिले नाही.

त्याच उन्हाळ्यात मी बारावीची परीक्षा देऊन घरी बसले होते आणि दादा पदवीधर झाला होता. बाबांच्या खटपटीने त्याला डोंगरातल्या तळेघरच्या एका निवासी शाळेत शिक्षकाच्या जागेचे पत्र आले. आठ दिवसांत हजर व्हायचे होते. त्याच संध्याकाळी दादाने सगळे सांगून टाकले. रिबेलोबाई म्हणतात, इतक्या उशिरा सुरुवात केल्यावर एकट्याने मैफल करणारा वादक होता येणार नाही. पण गाणाऱ्याबरोबर वाजवण्यासाठी लागतो तो कान तुझ्याकडे आहे, गाणारा श्वास घेतो तेव्हा तू घेतोस, हे शिकवून येत नाही. दोन वर्षे राहा, परीक्षा दे, मुंबईचे गायक मी तुला मिळवून देते.

बाबा चिडले नाहीत, आवाजही चढला नाही. त्यांनी फक्त विचारले, "म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या मागे बसून वाजवायचं?"

"मागे नाही बाबा. बरोबर."

"आबांबरोबर तू बारा वर्षं वाजवलंस. लोक कोणाचं नाव घेतात?"

"ते वेगळं आहे. या जर्मन गाण्यांत पियानो काही गाणाऱ्याच्या मागून चालत नाही. निम्मं गाणं त्याचंच असतं."

"हे तू म्हणतोस. दाखव." बाबांनी चष्मा पुसला. "मी पाहिल्याशिवाय नाही म्हणणार नाही, आणि पाहिल्याशिवाय होही म्हणणार नाही."

बाबांचे हे बोलणे खरे होते. त्यांनी मनात आधीच ठरवले होते असे कोणी म्हणेल, तर ते चूक आहे. मी त्यांना ओळखत होते. त्यांना पुरावा हवा होता आणि त्यावरच ते निर्णय देणार होते.

दुसऱ्या दिवशी दादा पहिल्या एसटीने पुण्याला गेला आणि रिबेलोबाईंकडून एक व्हिडिओ कॅसेट घेऊन आला. बाईंच्या परदेशातल्या कुणा विद्यार्थ्याने तिकडच्या टीव्हीवरच्या मैफली टेप करून पाठवल्या होत्या. ही त्यांतली एक. वरच्या मजल्यावर आमचे घरमालक शेठ यांच्या घरी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर होता. शेठच्या पत्नी कमलाभाभी आनंदाने तयार झाल्या, मात्र त्यांची अट होती: त्यांच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण उरकत असे, म्हणून पाचच्या आत सगळे आटोपले पाहिजे. त्या दिवशी आबा बोरीहून बाजाराला आले होते, तेही थांबले. आईने मासवड्या केल्या. तिळाचे सारण भाजल्याचा वास जिन्यापर्यंत चढला होता. आई एवढेच म्हणाली, "काय ठरायचं ते ठरू द्या, पन उपाशी पोटी नगं."

वर जाताना जिन्यात दादाने मला थांबवले. मशीन चालवायचे काम अर्थात माझ्याकडेच होते, कारण भाभींच्या घरी सिनेमा लागला की बटणे मीच दाबत असे. तो म्हणाला, "नलू, दोनच गाणी लावायची आहेत. दुसरं गाणं संपलं रे संपलं की लगेच बंद कर. टेप जुनी आहे, पुढे तोकड्या कपड्यांतल्या बायकांचा नाच लागतो. आबांसमोर तो नको." मी मान डोलावली. त्याने मला आणखी काही सांगितले नाही. सांगायला हवे होते असे त्याला वाटलेही नसणार. त्याच्या दृष्टीने गाणे कुठे संपते हे उघडच होते.

चित्र सुरू झाले. काळ्या कपड्यांतला एक जाडसर, टक्कल पडलेला गृहस्थ मोठ्या पियानोच्या वळणदार कडेला एक हात टेकवून उभा होता. त्याच्या मागे, किंचित डावीकडे, चष्मा लावलेला किडकिडीत वादक बसला होता. सभागृह अंधारात.

"आरं, केवढी पेटी ही!" आबा म्हणाले. "बैलगाडीत बी बसायची न्हाई. आन् माईक कुठंय?"

"माईक नसतो आबा. आवाज तसाच शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा."

"मंग म्या बी जर्मनीला जातो." सगळे हसले. बाबाही हसले.

पहिले गाणे लहान होते. गायकाने ते अर्ध्या मिनिटात घाईघाईने म्हणावे तसे म्हटले, आणि शेवटचा शब्द व पियानोचा शेवटचा ठोका एकदम पडला. भाभी म्हणाल्या, "किती घाम आलाय बिचाऱ्याला. त्यांच्यात पंखा नसतो का?" मग गायकाने डोळे मिटले, काही क्षण शांततेत गेले, आणि पियानो एकट्यानेच सुरू झाला. उजव्या हाताने एकसारखी, पाणी हलावे तशी लहर. दादाने हलक्या आवाजात अर्थ सांगितला. "एक माणूस परमुलखात नदीकाठी बसलाय. ती नदी त्याच्या गावावरून आलेली आहे. तो पाण्याला विचारतो, माझं घर पाहिलंस का, दाराशी कोणी उभं होतं का."

"मंग? पानी काय म्हनलं?" आबांनी विचारले. आता ते थट्टा करत नव्हते.

"ते शेवटी कळतं."

मी बाबांकडे पाहिले. त्यांनी मांडीवर डावा हात उपडा ठेवला होता आणि बोटांची पेरे अंगठ्याने मोजत होते. ते काय मोजत आहेत हे मला कळेना. गायकाचा आवाज वर गेला, तिथेच थांबला, आणि मग एका शब्दावर खाली, फार हळू, उतरला. त्याचे ओठ मिटले. माझे बोट बटणावर होतेच.

खट् झाले आणि पडद्यावर मुंग्या आल्या.

दादाने माझ्याकडे पाहिले. मला त्याच्या चेहऱ्याचा अर्थ लागला नाही. मला वाटले, शाबासकी आहे.

"मंग पानी काय म्हनलं?" आबांनी पुन्हा विचारले.

दादाने तोंड उघडले. मग ते मिटून तो म्हणाला, "संपलं, आबा."

"म्हंजी काय न्हाई म्हनलं व्हय? लईच वाईट." आबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. भाभी स्वयंपाकघराकडे वळल्या. ऊन उतरू लागले होते. बाबा मात्र तसेच बसून राहिले, मुंग्यांनी भरलेल्या पडद्याकडे पाहत. दादाला बोलायला त्यांनी पुरेसा वेळ दिला होता, असे मला आता वाटते.

निर्णय त्यांनी खाली, जेवताना सांगितला. "मी नीट पाहिलं, विष्णू. वादकाचा चेहरा दोनदा दाखवला. हात चारदा. बाकी सगळा वेळ गाणारा. आणि एक गोष्ट. गाणाऱ्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. गाणाऱ्याचं काम संपलं आणि गाणं संपलं. सुरुवात त्याने केली, हे खरं. सुरुवात तूही आबांना करून देतोस. वाजवतो फार सुंदर तो, पण जिच्याकडे कोणी पाहत नाही अशा जागी मी तुला आपणहून बसवणार नाही. शाळेत चाळीस पोरं तुझ्याकडे पाहतील." आईने दादाच्या ताटात आणखी एक मासवडी वाढली. तो म्हणाला, "बरं, बाबा," आणि ती खाल्ली.

आता जे लिहायचे आहे ते मी आजवर कुठे बोललेले नाही. दोन दिवसांनी कमलाभाभींनी हाक मारली, "नलू, तुमची कॅसेट राहिलीय गं मशीनमध्ये." मी वर गेले. भाभी गच्चीवर पापड पसरत होत्या. दादाचे ते गाणे एकदा परत पाहावे, एवढ्याच विचाराने मी टीव्ही लावला आणि बटण दाबले. टेप जिथे थांबवली होती तिथूनच पुढे सुरू झाली. गायक ओठ मिटून उभा होता आणि पियानो वाजत होता. तीच पाण्याची लहर, पण आता तिच्यात खालून डाव्या हाताचे काहीतरी येत होते, जे गाण्यात आधी नव्हते. कोणी टाळ्या वाजवत नव्हते. गाणे संपलेले नव्हते. मी दुसऱ्यांदा, घाबरून, बटण दाबले.

दादाला हजर व्हायला अजून तीन दिवस होते. मी जिना उतरून बाबांना सांगू शकले असते: तुमचे निरीक्षण अपुरे आहे, प्रयोग मी मध्येच बंद केला. ते ताबडतोब वर आले असते, याविषयी मला शंका नाही. मी सांगितले नाही. भीती होती, हे खरे. पण केवळ भीती नव्हती. त्याच वर्षी मला डी.एड.ला जायचे होते, आणि आमच्या घरातून एका वेळी एकाच मुलाला बाहेरगावी ठेवणे जमणारे होते. दादा कमावू लागला तर मी जाऊ शकत होते. मी गेलेही. शिक्षिका झाले, निवृत्त झाले, आणि त्या तीन दिवसांविषयी पुढच्या सगळ्या वर्षांत गप्प राहिले.

दादा तळेघरला गेला. तिकडे तेव्हा एसटी मोजक्या, बराचसा रस्ता पायी. भात आणि नाचणीची खाचरे, आणि पावसाळ्यात धुके इतके दाट की वर्गात दिवसासुद्धा कंदील लागे. कपडे महिना महिना वाळत नसत. त्याच्या खोलीत भिंतींना हिरवट ओल आणि एका पत्र्याच्या डब्यात ती कॅसेट. रिबेलोबाईंनी ती परत मागितली नाही. त्यांची दोन पत्रे आली, तिसरे आले नाही. शाळेला एक पेटी होती, तिचे तीन सूर बसलेले. तिच्यावर तो रोज सकाळी प्रार्थना वाजवीत असे. लग्न त्याने केले नाही. कारण कोणी विचारले तर म्हणे, "या ओलीत कोणाला आणू?"

एका स्वातंत्र्यदिनाला बाबा आणि मी त्याच्याकडे गेलो होतो. पाऊस थांबला होता. मुले पटांगणात रांगांत उभी होती आणि दादा ओसरीवर पेटीला बसला होता. प्रार्थना झाली. शेवटची ओळ संपली आणि बाबा, सवयीने, खुर्चीकडे जायला निघाले. दोन पावले टाकली आणि ते थबकले. पटांगणातले एकही मूल हलले नव्हते. हात जोडलेले, डोळे समोर, आणि पेटी एकटीच वाजत होती, बसलेले सूर चुकवून, हळू. बाबांनी टाकलेली पावले मागे घेतली आणि तेही उभे राहिले. पेटीचा भाता मिटला तेव्हाच मुलांचे हात खाली आले. परतीच्या वाटेवर बाबा म्हणाले, "शिस्त चांगली लावली आहे विष्णूने." मी त्यांच्या शेजारी चालत होते. तेव्हाही मी काही बोलले नाही. बाबा त्यानंतर दोन पावसाळे होते.

ते गेल्यावर मी एकटी तळेघरला गेले आणि दादाला सांगितले. त्याने नाचणीची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची आमटी केली होती; आम्ही चुलीपाशी बसलो होतो. मी म्हणाले, "मी नंतर परत लावून पाहिली होती ती कॅसेट."

"माहीत आहे मला. टेप पुढे सरकलेली होती."

"मग बोलला का नाहीस? त्या दिवशी तरी, आबांनी विचारलं तेव्हा?"

त्याने लाकूड आत सारले. "तू बटण दाबलंस ना नलू, तेव्हा मला जरा बरंच वाटलं गं."

"बरं?"

"बाबांनी शेवटपर्यंत पाहिलं असतं आणि तरीही नाही म्हणाले असते, तर? मग काय उरलं असतं माझ्याकडे? असं निदान राहिलं की त्यांनी पाहिलं नाही." मग तो म्हणाला, "जेव. आमटी निवतीय."

दादाला जाऊन आता चार वर्षे झाली. त्याचे सामान आवरताना डबा निघाला. कॅसेट मी पुण्याला एका दुकानात दिली, त्या माणसाने ती उघडून दाखवली आणि म्हणाला, "बाई, बुरशीनं टेप चिकटलीय, काही निघणार नाही." लेबलावरची अक्षरे केव्हाच धुतली गेली होती. त्यामुळे ते गाणे कोणते, गायक कोण, हे मला माहीत नाही, आणि पाणी शेवटी काय म्हणाले तेही कळलेले नाही. ते विचारायचे मला दादा असताना सुचले नाही.

म्हणून मी जे हाती आहे त्यावर काम केले. आता मोबाइलवर अशा मैफलींची चित्रणे हवी तेवढी सापडतात. मंचरच्या माझ्या खोलीत रोज दुपारी मी एक पाहते. शेजारची सून म्हणते, "आजी, हे काय दुःखी लोक बघता तुम्ही? मालिका बघा की." मी वही आखली आहे: आवाज केव्हा थांबला, पियानो केव्हा थांबला, मधल्या वेळात गाणाऱ्याचे डोळे, हात, खांदे. ज्या चित्रणांत कॅमेरा त्या वेळी दुसरीकडे जातो, ती मी गणतीत धरत नाही. वही जवळजवळ भरली आहे.

नोंदी अशा. गाणारा बहुतेक वेळा वादकाकडे पाहत नाही. बाबांचे निरीक्षण तेवढ्यापुरते बरोबरच होते, आणि टेप पुढे चालली असती तरी ते बरोबरच ठरले असते, हे मला कबूल करावे लागते. गाणाऱ्याची नजर लोकांच्या डोक्यांच्या किंचित वर, एका जागी असते. हात जिथे असतील तिथेच राहतात. खांदे उचललेले असतात, जणू पुढची ओळ अजून यायची आहे. वादकाची बोटे पट्ट्यांवरून उठतात, त्यानंतरही गाणारा क्षणभर तसाच असतो, आणि मग खांदे उतरतात. तोवर लोकही टाळी वाजवत नाहीत. मग दोघे मिळून वाकतात.

यावरून निष्कर्ष काढायचा तर मी असा काढते, की गाणाऱ्याचे काम त्याच्या शब्दांबरोबर संपत नाही. वादक सोडेपर्यंत तोही बांधलेला असतो, आणि न पाहताही तो त्याच्याकडेच लक्ष देत असतो. बाबांना हे पुरेसे वाटले असते का, मला सांगता येत नाही. माझ्या निष्कर्षात एक दोष आहे आणि तो मी झाकणार नाही. मी बहीण आहे, बटण दाबणारीही मीच आहे, आणि त्या गप्प राहण्याचा लाभ मला झाला आहे. अशा माणसाला जे दिसावेसे वाटते तेच दिसण्याचा धोका असतो. विद्यार्थ्याची अशी वही मी तपासून घेतल्याशिवाय मान्य केली नसती.

तेव्हा वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी हे स्वतः तपासून पाहावे. असे कोणतेही एक चित्रण लावा. शब्द संपले की गाणाऱ्याच्या खांद्यांकडे पाहा, वादकाची बोटे केव्हा उठतात ते पाहा, आणि माझी नोंद चुकली असेल तर मला तसे कळवा. तोवर बटणाला हात लावू नका.